जाताना दोन गुडघे, येताना पण दोनच

गेल्या अंकात मी पार्कोरच्या, म्हणजे भिंती, कठडे, जिने असे अडथळे धावत, चढत, उड्या मारत पार करण्याच्या प्रकाराच्या ट्रेनिंगसाठी सहा आठवडे फ्रान्स आणि इंग्लंडला जाऊन आलो त्याबद्दल दोन पानं लिहिली होती, त्यावर एवढी पत्रं आली की संपादक म्हणाले आता तूच निस्तर. सगळी घेता येणार नाहीत. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं कुणाचीच छापत नाहीये, कारण दोघांनी "आईला कळू देऊ नका" असं लिहिलंय आणि नेमकं एका आईचं पण पत्र आलंय.

प्रश्न : दादा, मी २३ वर्षांचा आहे. दोन वर्षं व्हिडिओ बघून बघून शिकलो. काँग व्हॉल्ट (हात टेकून अडथळ्यावरून पाय पुढे काढणं), कॅट लीप (उडी मारून भिंतीची कड हातांनी पकडणं), बॅकफ्लिप सगळं येतं. आता पैसे साठवतोय, एकदा बाहेर जाऊन खरं ट्रेनिंग घ्यायचंय. जिथे हे सुरू झालं त्या लीसलाच जावं असं वाटतं. बरोबर ना?

जा की. फक्त तिथे काय आहे ते माहीत करून जा, नाहीतर हिरमोड होईल. लीस म्हणजे पॅरिसच्या दक्षिणेचं एक शांत, झाडीतलं, जरासं झोपाळू उपनगर. शेजारचं एव्री मोठं, पॅरिसहून आरईआर या उपनगरी रेल्वेच्या डी लाइनने तिथपर्यंत जाता येतं. पहिल्या दिवशी मला वाटलं मी चुकीच्या गावात उतरलोय. शाळा, कठडे, जिने, बाकं, एवढंच. पण १९८० च्या दशकाच्या शेवटी डेव्हिड बेल, यान नोत्रा, सेबास्टियन फुकां ही पोरं याच कठड्यांवर दिवसचे दिवस घालवत होती, आणि त्यातूनच पुढे यामाकासी नावाचा नऊ जणांचा ग्रुप उभा राहिला. यामाकासी हा लिंगाला भाषेतला शब्द, दमदार शरीर, दमदार मन अशा अर्थाचा. दाम द्यु लाक म्हणून तळ्याकाठी एक उंच काँक्रीटचं शिल्प आहे, सगळ्या जुन्या फोटोंत दिसतं ते. त्यावर चढायला बंदी आहे. लांबून बघायचं, फोटो काढायचा आणि पुढे निघायचं. एव्रीतलं विटांचं गोल कॅथेड्रल मात्र बघून ये, १९९५ चं आहे, वर गच्चीवर झाडांची रांग आहे, मला तर ते शिल्पापेक्षा जास्त आवडलं.

आता ट्रेनिंगचं. तुझ्या पत्रात "येतं" हा शब्द आहे ना, तिथेच गंमत आहे. मी पण असंच सगळं "येतं" म्हणत गेलो होतो. पहिल्या सेशनला दोन तासांत एकही मोठी उडी नाही. आधी हातापायांवर रांगत जिना चढायचा, मग उलटं उतरायचं, परत चढायचं, मांड्या थरथरायला लागल्या की कोच म्हणणार अजून एकदा. मग एक प्रिसिजन, म्हणजे एका कठड्यावरून दुसऱ्या कठड्याच्या कडेवर दोन्ही पाय जुळवून उतरायची उडी, अंतर एवढं कमी की मी झोपेत मारेन. ती शंभर वेळा. लँडिंगचा आवाज आला की मोजायची नाही. तोल जाऊन पाऊल हललं तरी मोजायची नाही. माझ्या शंभर व्हायला दीड तास लागला आणि तेव्हा कळलं की मला ती उडी येतच नव्हती, मी फक्त पलीकडे पोचत होतो.

त्या लोकांचं एक फ्रेंच ब्रीद आहे, "एत्र ए द्युरे", असायचं आणि टिकायचं. ऐकायला पोस्टरवरचं वाटतं पण पन्नाशीला आलेली माणसं शांतपणे भिंती चढताना बघितली की त्याचा अर्थ लागतो. तुझ्या बॅकफ्लिपकडे तिथे कुणी ढुंकून पण बघणार नाही, वाईट वाटून घेऊ नकोस.

लीस-एव्रीशिवाय दोन ठिकाणं सांगतो. लंडन, कारण तिथे क्लासेसची शिस्त आहे आणि सगळं इंग्रजीत चालतं, फ्रेंच येत नसेल तर याचं महत्त्व जिना उलटा उतरताना समजतं. जानेवारी २०१७ मध्ये पार्कोरला अधिकृत खेळ म्हणून मान्यता देणारा ब्रिटन पहिला देश. व्हॉक्सहॉलच्या ठेंगण्या भिंती आणि थेम्सकाठचा साउथबँक, दोन्हीकडे कुणी ना कुणी सराव करत असतंच. दुसरं डेन्मार्क. तिथे फोक हायस्कूल नावाचा प्रकार आहे, नावात हायस्कूल असलं तरी मोठ्यांसाठी, काही महिने तिथेच राहायचं, शिकायचं, परीक्षा नाही, मार्क नाहीत. गेरलेव्हच्या अशा शाळेत पार्कोर शिकवतात आणि आवारात पार्कोर पार्क पण आहे. तुझ्या वयाचा असतो तर मी तिथेच गेलो असतो, कारण एकाच जागी चार महिने राहिल्याने जे अंगात मुरतं ते चार देश पालथे घालून मुरत नाही.

प्रश्न : व्हिसा, इन्शुरन्स वगैरेचं काय? (हा सात-आठ जणांनी विचारलाय.)

कंटाळवाणं आहे म्हणून पटकन सांगतो. फ्रान्स आणि डेन्मार्क शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं अशा युरोपातल्या देशांच्या गटात येतात. शॉर्ट स्टे व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, त्यापेक्षा जास्त राहायचं तर त्या त्या देशाचा लाँग स्टे व्हिसा किंवा परमिट. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्याचा व्हिसा वेगळा, हे विसरून तिकिटं काढणारे लोक मी बघितलेत. आणि शॉर्ट स्टेवर गेलात तर तिथे पैसे घेऊन क्लास घ्यायला जाऊ नका.

इन्शुरन्सवर मात्र थांबा जरा. शेंगेन व्हिसासाठी कमीत कमी ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर लागतं, ते सगळे घेतात, आणि कागद फाईलला लावून मोकळे होतात. आत बारीक अक्षरात धोकादायक खेळ वगळलेत असं लिहिलेलं असू शकतं. म्हणजे तुम्ही फुटपाथवर घसरून पडलात तर पैसे मिळणार, कठड्यावरून पडलात तर नाही. पॉलिसी घेण्याआधी कंपनीला ईमेल करून विचारा, पार्कोर असा स्पष्ट शब्द घालून, आणि लेखी उत्तर जपून ठेवा. फोनवर "हो सर कव्हर आहे" म्हणणाऱ्याचा काही उपयोग नसतो. घरी परत आणायचा खर्च त्यात आहे का तेही बघा.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. त्याला या ट्रेनिंगला परदेशी जायचंय. तो व्हिडिओ दाखवतो त्यात मुलं इमारतींच्या गच्चीवरून उड्या मारतात. मला रात्री झोप लागत नाही. तुम्ही त्याला प्रोत्साहन देताय की काय? खरं सांगा, यात जीव जातो का?

काकू, खरं सांगतो. गच्चीवरून पडलेलं माणूस मरतं, आणि तसं झालेलंही आहे. त्यात पार्कोर, सर्कस, सेल्फी काहीही असो, उंची माफ करत नाही. पण गच्चीवरच्या उड्या हा या गोष्टीचा फार छोटा भाग आहे आणि नेमका तोच व्हिडिओत येतो, कारण गुडघाभर उंचीच्या कठड्यावर शंभर वेळा उतरणारा पोरगा कोण बघणार. चांगल्या कोचकडे पहिले कित्येक महिने सगळं जमिनीलगत चालतं. दुखापती होतात. पाय मुरगळतो, नडगी सोलते, मनगट दुखावतं, तळहाताची कातडी निघते. माझी नडगी बघितलीत तर तुम्ही मला पण ओरडाल.

हे आलं कुठून ते माहीत असलं तर कदाचित थोडं बरं वाटेल. डेव्हिड बेलचे वडील रेमों बेल पॅरिसच्या अग्निशमन दलात होते, जळत्या इमारतीत शिरायचं आणि माणसं बाहेर काढायची हे त्यांचं काम, आणि मुलाने जे उचललं ते त्यांच्याकडून. त्याच्याही मागे गेलं तर जॉर्ज एबेर म्हणून फ्रेंच नौदलातला अधिकारी होता. १९०२ मध्ये मार्टिनिक बेटावर पले ज्वालामुखी फुटला, सेंट पिएर शहर काही मिनिटांत संपलं, तेव्हा हा बचावकार्यात होता. नंतर त्याने धावणं, चढणं, उचलणं, तोल सांभाळणं, पोहणं अशा साध्या हालचालींवर व्यायामपद्धत बसवली आणि तिचं सूत्र होतं, उपयोगी पडण्यासाठी बलवान व्हा. उपयोगी पडायचं तर आधी स्वतः धड राहायला हवं ना.

मुलाला एक काम सांगा. तुमच्यासमोर एखाद्या बुटक्या ओट्यावरून खाली उडी मारायला लावा, तुम्ही डोळे मिटून घ्या. धप्प आवाज आला तर म्हणावं अजून वर्षभर इथेच शिक. आवाज जवळजवळ आलाच नाही तर त्याच्याशी पुढचं बोलायला हरकत नाही, कोण कोच आहे, विद्यार्थी किती, पडलं तर जवळचं हॉस्पिटल कुठलं, हे सगळं त्याने तुम्हाला लिहून द्यावं. जो पोरगा हे लिहून द्यायला कंटाळतो त्याला पाठवू नका, सरळ सांगतो.

प्रश्न : प्रोटीन पावडर घेऊ का? ट्रेनिंगमध्ये काय खायचं?

पोटभर जेवायचं. व्यायाम करणाऱ्याला दिवसाला दर किलो वजनामागे १.२ ते १.६ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन पुष्कळ झालं, ते दूध, अंडी, कडधान्यांतून जमत असेल तर डबा घ्यायची गरज नाही. जमत नसेल तर घ्या, त्यात पापही नाही. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टर. पुढचा प्रश्न.

प्रश्न : तीन आठवड्यांच्या कॅम्पला गेलो होतो, घरी करायचो त्याच्या तिप्पट ट्रेनिंग रोज. दुसऱ्या आठवड्यात गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं, पण पैसे भरले होते म्हणून रेटलं. परत येऊन दोन महिने झाले, जिना उतरताना अजून दुखतं. मी काय चूक केली?

"घरी करायचो त्याच्या तिप्पट" असं तूच लिहिलंयस की. चिडवत नाहीये, मी हेच केलंय. पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, विमानात झोप नाही, डोळे जळतायत, तरी आल्यासारखं उडी मारलीच पाहिजे म्हणून गेलो आणि चौथ्या दिवशी कठड्याच्या कडेवर टाच आपटली. हाड मोडलं नाही, नुसती टाच ठेचली, पण नऊ दिवस पाऊल टेकवता येईना. सहा आठवड्यांतले नऊ दिवस मी बाकावर बसून दुसऱ्यांचे बूट बघितले.

वाटीखाली जी जाड दोरी नडगीच्या हाडाला जोडलेली असते ते पटेला टेंडन. स्नायूंना भरपूर रक्त मिळतं, ते काही आठवड्यांत ताकद धरतात. टेंडनला रक्तपुरवठा कमी, त्यांचं काम महिन्यांच्या हिशोबाने चालतं. त्यामुळे होतं काय, की मांड्या म्हणतात चल अजून मारू आणि दोरी मागेच राहिलेली असते. तरुण पोरांची फसगत इथेच होते कारण ताकद खरोखरच वाढलेली असते, खोटं काही नसतं. आणि उडीवरून उतरताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार त्या दोरीवर येतो, दिवसाला दोनशे वेळा.

आता काय करायचं तर फिजिओथेरपिस्टकडे जा, इंटरनेटवरच्या माझ्यासारख्याकडे नको. सूज असेल, गुडघा अडकत असेल किंवा चालताना दगा देत असेल तर आजच जा. तसं नसेल तर ते बहुतेक पूर्ण आराम सांगणार नाहीत, कारण नुसतं बसून टेंडन सुधारत नाही, त्याला हळूहळू वाढणारं ओझं लागतं, भिंतीला पाठ टेकून बसल्यासारखं थांबणं, सावकाश स्क्वॉट, मग कधीतरी उड्या. मला एकाने सांगितलेला नियम चांगला वाटला, व्यायाम करताना किती दुखलं यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी किती दुखतंय ते बघ, कालच्यापेक्षा जास्त असेल तर काल जास्त झालं.

आणि पुढच्या वेळी जाशील त्याच्या तीन महिने आधी घरचं ट्रेनिंग थोडं थोडं वाढवत कॅम्पच्या जवळ आण. टाइमझोन बदलला की शरीराचं घड्याळ साधारण एका झोनला एक दिवस या वेगाने सरकतं, तेवढे दिवस फक्त चालणं, रांगणं, तोल, बाकी काही नाही. पैसे भरलेत हे गुडघ्याला माहीत नसतं रे.

झोपेबद्दल तुम्ही कुणीच विचारलं नाहीत, एवढ्या पत्रांत एकानेही नाही! बूट कुठले हे अकरा जणांनी विचारलंय. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप हवी, आणि हॉस्टेलच्या आठ बेडच्या खोलीत ती मिळत नाही. मी दुसऱ्या आठवड्यात वेगळी खोली घेतली, पैसे गेले, पण माझ्या पूर्ण प्रवासातला सगळ्यात उपयोगी खर्च तो होता.

प्रश्न : मग बूट कुठले?

बारावे तुम्ही. सपाट, एकसंध रबरी तळ असलेले, मधे कडक प्लास्टिकचा तुकडा नसलेले, फार जाड कुशन नसलेले. ब्रँड सांगत नाही. नवे बूट घालून विमानात बसू नका, महिनाभर आधी वापरा. ग्लोव्ज नकोत, पकड कळत नाही.

प्रश्न : मी ४७ वर्षांची आहे, दिवसभर खुर्चीत. तुमचा लेख वाचताना उगाचच वाटलं की मला पण करावंसं वाटतंय. लेकीला सांगितलं तर ती हसली. परदेशात वगैरे जायचं नाही, पण या वयात यातलं काही करता येतं का, की खरंच हसण्यासारखं आहे?

ताई, हे पत्र मी तीनदा वाचलं. हसण्यासारखं काहीच नाही. लंडनमध्ये साठीच्या पुढच्या लोकांसाठी पार्कोरचे क्लास झालेत, आजी-आजोबा बागेतल्या बाकाला धरून पाय पलीकडे टाकतायत, एकमेकांना टाळ्या देतायत. त्यांचा हेतू साधा, पडायचं नाही, आणि पडलोच तर कसं पडायचं आणि परत कसं उठायचं ते अंगात असावं.

मी तिकडून जे काही शिकून आलो त्यातलं माझ्या रोजच्या जगण्यात उरलं ते उड्यांमधलं नाहीच. जमिनीवर बसणं आणि उठणं उरलं. कोच आम्हाला खाली बसवायचा आणि उठायला सांगायचा, मग एक हात न लावता, मग दोन्ही न लावता, मग वेगळ्या बाजूने, वीस मिनिटं तेच. तुम्ही आज घरी करून बघा. हात न टेकता उठता आलं नाही तर लाज वाटू देऊ नका, चांगल्या चांगल्या जिमवाल्यांना येत नाही.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, ते बऱ्याच जणांना ठाऊक असतं आणि त्यासाठी ते चालायला जातात. त्याच यादीत पुढे लिहिलंय की आठवड्यातून दोन दिवस तरी सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम हवा. हे वाक्य लोक वाचतच नाहीत. चालणं छान, पण चालून हातांनी स्वतःला वर ओढता येत नाही. तुमच्या वयात, मेनोपॉजच्या आसपास, हाडांची घनता झपाट्याने कमी व्हायला लागते, आणि हाडाला भार मिळाला, थोडा धक्का मिळाला तर ते टिकून राहायला मदत होते.

सुरुवात अशी करा. फरशीच्या रेषेवरून एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत चाला, पुढे आणि उलटं. मग जमिनीवर हातापायांवर रांगा, गुडघे जमिनीपासून चार बोटं वर ठेवून, पाच पावलं झाली तरी पुष्कळ. ओट्याला किंवा भिंतीला हात टेकून उभ्याने पुशअप. शेवटी सगळ्यात खालच्या पायरीवरून उतरा, आवाज न करता, गुडघे बाहेरच्या बाजूला जरा मोकळे सोडून. बीपी, हाडं ठिसूळ असणं, जुनी कंबरदुखी यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आठवड्यातून तीनदा, पंधरा मिनिटं. तीन महिन्यांनी मला लिहा. आणि लेकीला रांगायची शर्यत लावायला सांगा, तिचं हसू बंद होतं की नाही बघा, मी पैज लावतो.

प्रश्न : सर्टिफिकेट घेऊन कोच व्हायचंय. यात करिअर आहे का?

थोडं आहे, फार नाही. ब्रिटनमधून सुरू झालेली अडॅप्ट नावाची कोचिंगची पातळ्यांची पद्धत बऱ्याच देशांत चालते, पहिली पातळी असिस्टंट कोचची, दुसरीला शारीरिक परीक्षा चांगलीच घाम काढते. स्पर्धा म्हणाल तर जिम्नॅस्टिक्सच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने पार्कोर आपल्याकडे घेतलंय, २०२२ मध्ये टोकियोला पहिली जागतिक स्पर्धाही घेतली, पण जुन्या लोकांपैकी बरेच अजून चिडलेले आहेत की आमचं रस्त्यावरचं यांनी कसं काय उचललं. मला त्यांचं पटतं, तरी मॅटवर का होईना लहान मुलांना शिकायला मिळतंय याचा आनंदही होतो, म्हणजे माझं काही नक्की नाही. पहिली पाच वर्षं दुसरी नोकरी सोडू नका एवढं मात्र नक्की.

प्रश्न : मी सातवीत आहे. परदेशातले लोक भिंतीवर उड्या मारल्या की ओरडत नाहीत का?

ओरडतात रे बाबा, सगळीकडे ओरडतात. आमचा नियम होता की कुणी येऊन बोललं की आधी खाली उतरायचं, मग नमस्कार, वाद नाही, दुसरीकडे जायचं. आणि जाताना भिंतीवरचे बुटाचे काळे डाग ओल्या फडक्याने पुसायचे, सैल वीट दिसली तर त्यावर परत कुणी चढू नये म्हणून सगळ्यांना सांगायचं. लंडनला एका इमारतीच्या गार्डने आम्हाला तीन दिवस रोज हाकललं. चौथ्या दिवशी आम्ही डाग पुसत होतो तेव्हा तो बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, रविवारी या, रविवारी माझी सुट्टी असते.